पाचव्या खिडकीखालची काच

गुरुवार, २० मार्च २०१४, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. नगरपालिकेच्या बांधकाम कार्यालयातील अभियंता श्री. ब्रांट या वेळी चिनी बागेच्या गोल दरवाजातून आत आले. दरवाजाशी थांबून त्यांनी तेथील लोखंडी पट्टीवर बुटांचा चिखल खरवडला, आधी डावा, मग उजवा. ठरलेली वेळ साडेतीनची होती. ते दहा मिनिटे लवकर आले होते. मी पाऊण तास. माझ्या उजव्या हाताला माझी चौदा वर्षांची नात रेवा दुभाषी म्हणून उभी होती. डाव्या हाताला बागेची देखभाल करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष फ्राउ केसलर होत्या. समोर बारा मीटर लांबीची भिंत होती. ती राहणार की जाणार, हे त्या दुपारी ठरायचे होते.

माझ्या घडणीची हकीकत लिहायला घेतली तेव्हा ती नोकरीच्या पहिल्या दिवशी संपेल असा अंदाज होता. आधीची प्रकरणे त्याच बेताने लिहिली आहेत. परंतु एक गोष्ट मी अडुसष्टाव्या वर्षी शिकलो आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. निवृत्तीनंतर मुलाकडे जर्मनीत काढलेल्या दोन वर्षांत मी पुन्हा लहान होतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. दुकानातल्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या. सिग्नल लाल असताना मोकळा रस्ता ओलांडू लागलो की कोणीतरी बाही ओढत असे. मोठी माणसे माझ्याविषयी माझ्यासमोरच बोलत आणि मग मला त्याचा सारांश सांगत. लहानपणाची याहून वेगळी व्याख्या मला ठाऊक नाही.

माझा मुलगा मिलिंद मोटारींच्या गिअरबॉक्सवर काम करतो. त्याचे घर पूर्वेकडच्या एका जुन्या गावात, तिसऱ्या मजल्यावर होते. गावाचे नाव येथे लिहीत नाही. तेथील माणसे अद्याप हयात आहेत. घरात मिलिंद, सून अश्विनी, रेवा, माझी पत्नी आणि मी. सकाळी सहाला चर्चची घंटा वाजे, त्यामागोमाग खालच्या मजल्यावरच्या बाईंचे शटर वर जाई आणि मग आमच्या कुकरची पहिली शिट्टी. शिट्टीबद्दल बाईंनी एकदा विचारणा केली होती. अश्विनीने त्यांना कुकर प्रत्यक्ष दाखवला, वरण-भात चाखवला, आणि त्यानंतर शिट्टी झाली नाही तर बाईच जिन्यात विचारीत, आज सगळे बरे आहेत ना. रविवारी मात्र मिक्सर लावायचा नाही, हा नियम होता. त्या दिवशी आवाज करणे तेथे असभ्य समजतात. त्यामुळे पत्नी शनिवारी संध्याकाळीच चटण्या वाटून ठेवी आणि रविवारभर या नियमाविषयी माझ्याशी हलक्या आवाजात बोले. भाजी बहुधा नवलकोलाची असे. आमच्याकडे ही भाजी दुसरे काही मिळाले नाही तर आणतात. त्या देशात ती बाजाराच्या पहिल्या रांगेत असते. क्वार्क नावाचे घट्ट दही मिळे. ते फडक्यात तासभर टांगले की चक्का तयार. या शोधाचा पत्नीला इतका अभिमान होता की आल्यागेल्याला श्रीखंडाआधी फडके दाखवले जाई.

जेवणाच्या टेबलावर दोन भाषा चालत. आई-वडील मराठीत विचारीत, रेवा जर्मनमध्ये उत्तर देई. "अभ्यास झाला का?" याला "जा, फास्ट" असे उत्तर आले की तो जवळजवळ झाला आहे, एवढे मला कळू लागले होते. तिला मराठी समजत असे. बोलायची वेळ आली की ती वाक्याच्या मध्यावर थांबे, जिन्यात दिवा गेल्यावर माणूस थांबतो तशी. माझ्याशी मात्र तिला बोलावेच लागे. मला जर्मन येत नव्हते, आणि मी प्रश्न कमी विचारीत असल्यामुळे तिला ते जमत असे. मी कमी बोलतो अशी माझ्याविषयी घरात तक्रार होती. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षे मी धरणांच्या भिंतींची मोजमापे घेतली. मोजमापाच्या वहीत आकडा आणि खूण लिहितात. वाक्य लिहीत नाहीत.

बाग मला दुसऱ्या महिन्यात सापडली. गावाचा जुना तट आणि ओढा यांच्यामधल्या जागेत ती आहे. तेथे आधी कातडी कमावणाऱ्यांची आवारे होती, नंतर कोळशाची वखार. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर वखार बंद पडली आणि जागा ओस पडली. गावाने चीनमधल्या एका गावाशी मैत्रीचा करार केला, आणि त्या गावाने भेट म्हणून बाग देऊ केली. एका वसंतात अकरा कारागीर आले आणि सात महिने राहिले. मंडपाचे सारे लाकूड तिकडे कापून, जोडून, क्रमांक घालून, पुन्हा सोडवून जहाजाने पाठवले होते. त्यात एकही खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते. पाणी, पाण्यात उतरलेले खडक, तीनदा वळणारा दगडी पूल, आणि बागेभोवती पांढरी भिंत. भिंतीत सात खिडक्या. प्रत्येक खिडकीच्या जाळीची नक्षी निराळी.

हा इतिहास मला फ्राउ केसलर यांनी सांगितला, म्हणजे दाखवला. त्या शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना लॅटिन आणि रशियन येत असे, मला मराठी आणि सरकारी इंग्रजी. त्यांनी एकेक छायाचित्र टेबलावर ठेवायचे आणि मी पाहून मान हलवायची, असा आमचा संवाद होता. तपशील शनिवारी रेवा आली की समजत. कारागीर थंड पाणी पीत नसत, म्हणून या बाईंनी सात महिने रोज दोनदा दुधाच्या किटल्यांतून कढत पाणी नेऊन दिले होते. नवरा म्हणे, तुझे लग्न माझ्याशी झाले आहे की भिंतीशी. रेवाने हे भाषांतर केले तेव्हा बाई हसल्या. नवरा जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. मंडळाला बागेच्या इतिहासाची पुस्तिका काढायची होती. छायाचित्रे होती, नकाशे नव्हते. मूळ आराखडे कारागीर परत घेऊन गेले होते. मी टेप, ओळंबा आणि कागद घेऊन कामाला लागलो. कोणी सांगितले नव्हते. रोज सकाळी नऊ ते साडेअकरा मी बाग मोजत असे. दोन महिन्यांनी फ्राउ केसलर यांनी मला अवजारांच्या खोलीची किल्ली दिली. अश्विनीने विचारले, त्या काय म्हणाल्या? मी सांगितले, किल्ली दिली.

भिंतीचा प्रश्न त्याच सुमारास निघाला. पाचव्या खिडकीखाली तडा गेला होता आणि भिंत बाहेरच्या गल्लीकडे झुकली होती. गल्लीतून सकाळी शाळेची मुले जातात. बांधकाम कार्यालयाने बारा मीटर भिंत उतरवून तारेचे कुंपण घालण्याची नोटीस दिली. तडा तेथेच का गेला, हे शोधण्यासाठी मी गावाचा जुना नकाशा मागवला आणि माझ्या नकाशावर ठेवला. उत्तर सरळ होते. चार खिडक्यांपर्यंत भिंत जुन्या तटाच्या पायावर उभी होती. पाचव्या खिडकीपाशी ती तीन मीटर बाहेर वळत होती, आणि तेथे खाली पूर्वीचा खंदक होता. राडारोडा टाकून बुजवलेला. ती बाहेर का वळवली, हे फ्राउ केसलर यांना माहीत होते. कारागिरांचा प्रमुख दोन दिवस हातात बांबूची रिकामी चौकट धरून त्या जागेत फिरत होता. पुढे, मागे, एक पाऊल डावीकडे. तिसऱ्या दिवशी त्याने जमिनीत खुंटी ठोकली. त्या खुंटीवर खिडकी आली, आणि तिच्या बरोबर मध्यावर चर्चचा मनोरा. मनोरा बागेपासून पाचशे पावले दूर आहे. जे आपल्या कुंपणात नाही ते खिडकीतून आत आणायचे, याला त्यांच्या शास्त्रात उसने घेणे म्हणतात. मनोऱ्यासाठी भिंत खंदकावर गेली होती. कारागिराचा डोळा चुकला नव्हता. पाया चुकला होता.

मी नोटिशीला उत्तर लिहिले. मिलिंदने त्याचे जर्मन केले. भिंत झुकली आहे हे खरे, परंतु ती आता झुकते आहे की पूर्वीच झुकून स्थिरावली आहे, हे कोणी तपासलेले नाही. तडा हलतो का ते पाहण्याची आमच्या खात्यातली पद्धत जुनी आहे. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोके प्लास्टरने पक्की करायची. भिंत केसभर हलली तरी काच फुटते. काच खोटे बोलत नाही आणि तिला वेतन लागत नाही. श्री. ब्रांट यांना ही पद्धत ठाऊक होती. त्यांच्याकडेही तशीच आहे. त्यांनी अट घातली. हिवाळा आणि त्यानंतरचे बर्फ वितळण्याचे दिवस काचांनी अखंड काढले तर भिंत राहील. एक जरी फुटली तरी भिंत उतरवायची. ऑक्टोबरात मी सात पट्ट्या लावल्या. फोटोंच्या जुन्या चौकटींची काच कापून. रोज नऊ वाजता पाहणी आणि वहीत बरोबरची खूण. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. उणे बारा तापमान असताना पत्नी म्हणाली, "अहो, काच काही पळून जात नाही." मी गेलो. काच अखंड होती.

मंगळवारी, १८ मार्चला, पाचव्या क्रमांकाची काच फुटलेली होती. मधोमध, सरळ. तडा मोजला, अर्ध्या मिलिमीटरने वाढला होता. फुटलेली काच काढली, तिचे तुकडे कागदात गुंडाळून अवजारांच्या खोलीत ठेवले, नवी पट्टी लावली आणि वहीत फुली मारली. फ्राउ केसलर बहिणीकडे गेल्या होत्या, गुरुवारी सकाळी परतणार होत्या. घरी मी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे जे होते ते वहीत होते, आणि वही गुरुवारी अधिकाऱ्यांपुढे ठेवायचीच होती. भिंत जाणार हे मला मंगळवारीच कळले होते. गुरुवारी ते केवळ नोंदवायचे होते. पाऊण तास आधी जाऊन मी पाचव्या खिडकीसमोर उभा राहिलो, ते याच कारणाने.

श्री. ब्रांट यांनी ओळंबा लावला, मग पट्ट्या एकेक करून पाहिल्या. प्रत्येक पट्टीवरून अंगठा फिरवला. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे ते दर वेळी म्हणत, आणि पुढे सरकत. सातवी झाल्यावर त्यांनी वही मागितली. मराठी आकड्यांकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, परंतु बरोबरच्या खुणा सर्व देशांत सारख्याच असतात. पाने उलटत ते शेवटच्या पानावर आले आणि फुलीवर बोट ठेवून रेवाला काहीतरी विचारले.

"आजोबा, हे काय?" रेवा म्हणाली.

"नवी काच. परवा."

"आइन नॉयेस ग्लास," रेवा त्यांना म्हणाली. "यूबरमॉर्गन."

श्री. ब्रांट यांनी हात हलवला, काही बोलले, आणि फ्राउ केसलर हसल्या. मग ते रेवाशी बोलले. रेवा माझ्याकडे वळली. "ते म्हणतात, नको. गरज नाही. काचा छान आहेत. ते सही करतात."

मला हे ढिलाईचे वाटले. अट त्यांची, फुली त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि ते गरज नाही म्हणतात. परंतु वरिष्ठाने मोजमाप पाहून सही केली की कनिष्ठाने तोंड उघडायचे नाही, ही सवय छत्तीस वर्षांची होती. शिवाय, त्यांच्या मनात मी वाचू शकत नव्हतो असे काही हिशेब असतील, असेही वाटले. आणि तिसरे कारण होते. ते मला ऐकायचे होते. त्यांनी कागद भिंतीवर टेकवून सही केली. फ्राउ केसलर यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी दुसरीकडे पाहिले. नंतर मंडपात कॉफी आणि सफरचंदाचा केक झाला. साडेचारला आम्ही घरी निघालो.

संध्याकाळी सहाला जेवायला बसलो. पत्नीने श्रीखंड केले होते, भिंत वाचली म्हणून. रेवा खात खात दुपारची हकीकत जर्मनमध्ये सांगत होती. मिलिंद हसला आणि मला म्हणाला, "बाबा, ब्रांट म्हणाले म्हणे, म्हाताऱ्यांना शनिवारी तरी आराम करू द्या, काच बदलायची गरज नाही. शनिवारी कसली काच बदलणार होता तुम्ही?"

मी म्हणालो, शनिवारी काही नाही. मंगळवारी बदलली.

रेवाने चमचा खाली ठेवला. "पण तुम्ही परवा म्हणालात."

"परवाच. मंगळवारी."

"परवा हाइस्ट डोख यूबरमॉर्गन," ती आईला म्हणाली. परवा म्हणजे उद्यानंतरचा दिवस, असे तिचे म्हणणे होते. अश्विनीने तिला सांगितले की कालच्या आधीचा दिवससुद्धा परवाच असतो.

"बायडेस?" रेवाने विचारले. दोन्ही?

तिचा प्रश्न रास्त होता. काल आणि उद्या यांना दोन शब्द आहेत, मग त्यांच्या पलीकडच्या दिवसांना एकच का, असे तिने जर्मनमध्ये तावातावाने विचारले. मिलिंदने ते मला समजावून सांगितले. तिच्या आयुष्यात परवा नेहमी पुढेच होता. परवा सुट्टी, परवा वाढदिवस, परवा आजी-आजोबा येणार. त्या घरात मागच्या दिवसांविषयी मराठीत फारसे कोणी बोलत नसे. मिलिंद म्हणाला, "अगं, ते क्रियापदावरून कळतं. लावली की लावणार."

"बाबांनी क्रियापद लावलंच नसेल," अश्विनी म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, वरण वाढत होती. "बाबा, एका क्रियापदाने तुमचं काय जाणार होतं?"

एवढे स्पष्ट मला माझ्या घरात कोणी बोलले नव्हते. मग मिलिंदने विचारले, काच का बदलली. मी म्हणालो, फुटली होती. आता सर्वांच्या लक्षात आले. रेवाच्या सर्वांत शेवटी आले. तिचा चेहरा मी पाहिला.

मिलिंदचे म्हणणे पडले की विषय वाढवू नये. "सही झालीय, बाबा. इथे सही झाली की विषय संपतो. अर्धा मिलिमीटर! थंडीत एवढं तर आमचं बाल्कनीचं दारही हलतं. आणि आल्झो, म्हणजे, फसवलं थोडंच कोणी? वही त्यांच्या हातात होती." त्याचे बोलणे पूर्ण चूक नव्हते. एक गोष्ट लिहून ठेवणे आवश्यक आहे: सुमारे पाच मिनिटे मी त्याच्या बाजूला होतो. फ्राउ केसलर यांचे हात आठवत होते. भिंत आणखी वीस वर्षे उभी राहिली असती, हेही शक्य होते. भिंती मी पुष्कळ पाहिल्या आहेत; काही माझ्या अंदाजाहून अधिक टिकल्या. परंतु काच फुटली होती आणि गल्लीतून मुले जात होती, आणि हे त्या गावात मला एकट्याला माहीत होते.

मी हात धुतले आणि कोट घातला. पत्नी म्हणाली, "अहो, साहेबांना कळवाल ते कळवा. पण त्या बाईंना आधी सांगा. कागदावरून कळू देऊ नका." ही सूचना योग्य होती, मला ती सुचली नसती. रेवाने कागद आणि पेन घेतले. मी श्री. ब्रांट यांच्यासाठी मजकूर सांगितला, ती उभ्याउभ्याच जर्मन करीत गेली. पाचव्या क्रमांकाची काच मंगळवारी फुटलेली आढळली. मी ती काढली आणि नवी लावली. तडा अर्ध्या मिलिमीटरने वाढला आहे. आज मी आपल्याला हे पुरेशा शब्दांत सांगितले नाही. शेवटच्या वाक्यावर ती थांबली आणि तिने त्याखाली आणखी एक वाक्य स्वतःचे लिहिले. मी विचारले, काय लिहिलेस. तिने सांगितले, की भाषांतर मी चुकीचे केले. मी ते वाक्य खोडायला सांगितले. तिने खोडले नाही.

जिन्यात ती मराठीत बोलली. "आजोबा, त्यांना मी सांगते. माझ्याकडून झालं."

"तुझ्याकडून नाही," मी म्हणालो. "तू जे ऐकलंस ते सांगितलंस. मी अर्धंच बोललो. मला वाटतं, मी बहुतेक वेळा अर्धंच बोलतो, आणि उरलेलं समोरच्याने ओळखावं असं धरून चालतो. खात्यात ते चालून गेलं, कारण तिथे सगळे माझ्यासारखेच होते. तुझी आजी चाळीस वर्षं ओळखत आली आहे. तू का ओळखावंस?"

तोपर्यंत मी आयुष्यात कोणालाही दिलेल्या स्पष्टीकरणांपैकी हे सर्वांत लांब होते. तिला ते पूर्ण समजले की नाही, सांगता येत नाही. ती "जा" म्हणाली, म्हणजे जर्मनमध्ये हो. रेवा आता बॉनला शिकते. फोनवर ती माझ्याशी मराठीत बोलते, आणि परवा म्हणायची वेळ आली की क्षणभर थांबून "मागच्या परवा" किंवा "पुढच्या परवा" म्हणते. अश्विनी तिला सांगते की असे मराठी नसते. मी त्यात पडत नाही. मला ते बरोबर वाटते.

भिंतीचे पुढे काय झाले तेही येथेच नोंदवतो. ती जूनमध्ये उतरवली. चार वर्षांनी पुन्हा बांधली, पण तीन मीटर आत, तटाच्या जुन्या पायावर. पाचवी जाळी अखंड निघाली होती, तीच बसवली. तेथून मनोरा दिसत नाही; एका घराचे छप्पर आणि त्याची पन्हळ दिसते. पुस्तिकेत मात्र माझा नकाशा छापला आहे, त्यात खुंटीची मूळ जागा दाखवली आहे. खिडकी कोठे होती आणि का होती, हे आता केवळ त्या पानावरून कळते. भिंत आपली आपण पडली असती का, याचे उत्तर कोणालाच मिळाले नाही. हा प्रश्न मला कोणी विचारीत नाही. मी स्वतःला क्वचित विचारतो.

फ्राउ केसलर यांचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. साडेसहाला त्यांनी दार उघडले तेव्हा त्या घरातल्या चपलांवर होत्या आणि आत रेडिओ चालू होता. मला पाहून त्या आनंदल्या. दुपारचा आनंद अजून उतरला नव्हता. मी रेवाला म्हणालो, आता मी पूर्ण वाक्यात सांगतो, तू तसेच सांग. मी सांगितले. काच केव्हा फुटली, तडा किती वाढला, मी काय म्हणालो, त्यांनी काय ऐकले. मध्ये एक वाक्य रेवाने पुन्हा पहिल्यापासून घेतले. फ्राउ केसलर ऐकत असताना दाराच्या चौकटीचा रंग नखाने खरवडत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"त्या विचारतात," रेवा म्हणाली, "मंगळवारपासून तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मंगळवारी सकाळी नऊ वाजल्यापासून मला माहीत होतं."

"आणि आज मी तुमचा हात धरला, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. मला वाटलं, साहेबांनी माफ केलं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

त्या आत गेल्या. रेडिओ बंद झाला. रेवाने माझ्याकडे पाहिले. मी जागेवर उभा राहिलो. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या अंगात कोट होता आणि पायांत बागेतले बूट. रेवाला त्या काही बोलल्या आणि आमच्यापुढे चालू लागल्या. "त्या म्हणतात, मुलं साडेसातला येतात," रेवाने मला सांगितले. "उद्या सकाळी."

आधी नगरपालिकेच्या दाराशी गेलो. रेवाने पाकीट पत्रपेटीत टाकले. मग बाग. अंधारू लागले होते, पण गल्लीतल्या दिव्याचा उजेड पुरेसा होता. फ्राउ केसलर यांनी अवजारांच्या खोलीतून दोराचे एक भेंडोळे आणि झाडांना आधार देण्याच्या चार काठ्या काढल्या. रेवाने रोपांची नावे लिहायच्या पाटीच्या मागच्या बाजूवर, रस्ता बंद आहे, असे मोठ्या अक्षरांत लिहिले. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी काठ्या रोवल्या. जमीन वितळून मऊ झाली होती, काठी सहज आत गेली. खाली तोच भराव होता. वरच्या तोंडाला दोर बांधून झाला. खालच्या तोंडाला उरलेल्या दोराचे एक टोक फ्राउ केसलर यांनी धरले आणि गल्लीपलीकडे नेले. त्यांनी आपली गाठ आधी बांधली आणि काठीला हात लावून उभ्या राहिल्या. मी माझ्या बाजूची बांधली. दोर ओढून पाहिला. सैल होता. गाठ सोडली, दोर ताणून घेतला आणि पुन्हा बांधली.